साडेसात, नऊ की अकरा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑफिसात नेब्रास्का विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाच्या 'विन टोटल'वर, म्हणजे बारा सामन्यांच्या हंगामात तो किती जिंकेल याच्या सट्टेबाजांनी काढलेल्या आकड्यावर, वाद रंगला. आकडा साडेसात होता. बहुतेक जण नऊ-दहा म्हणत होते, दोघं सहाला अडून बसले होते. मी वेळापत्रक घेऊन एकेक सामना मोजला, नऊ आले, म्हणून 'ओव्हर'वर, म्हणजे साडेसातहून जास्त विजयांवर, सगळ्यांच्या जेवणाची पैज लावली. हंगाम ७-५ संपला आणि बिल मी भरलं. पुण्याहून लिंकनला येऊन मला तीन वर्षं झालीत, हा फुटबॉल इथंच शिकलोय. पुढच्या वेळी हा आकडा कसा बघायचा?"

तुम्ही नऊ कसे मोजलेत ते मी न बघता सांगते. वेळापत्रक समोर घेतलंत. ॲक्रनपुढे बरोबरची खूण, ह्युस्टन ख्रिश्चनपुढे खूण, पेन स्टेटपुढे फुली. मग मधले सामने. आयोवा आपल्या घरी आहे, खूण. मेरिलँडचं काय एवढं, खूण. मिशिगन जड जाईल, फुली. यूएससीला नोव्हेंबरच्या थंडीत इकडे यायचंय, खूण. मिनेसोटाला एक फुली देऊन टाकली, कारण सगळीकडे खुणाच केल्या तर लोक हसतील. खाली बेरीज नऊ.

या हिशोबात फुटबॉलचं ज्ञान कमी पडलं असं मला वाटत नाही. बेरीजच मुळात वाकडी आहे. मी ओमाहात विम्याच्या धंद्यात ॲक्च्युअरी आहे, शिकले तुमच्या लिंकनलाच. लोकांच्या छपरांचं नि गाड्यांचं पुढच्या वर्षी किती नुकसान होईल हे आदल्या वर्षी सांगायचा मला पगार मिळतो. हस्कर्सचा, म्हणजे आपल्या नेब्रास्काच्या संघाचा, हिशोब मी फुकट करते, पण पद्धत तीच वापरते.

खूण-फुलीच्या पद्धतीत ५२ टक्क्यांचा सामना नि ९९ टक्क्यांचा सामना दोन्ही 'एक विजय' म्हणून जमा होतात. तिथंच घोळ होतो. त्याऐवजी प्रत्येक सामन्यापुढे टक्के लिहायचे नि टक्क्यांची बेरीज करायची. गेल्या ऑगस्टचं माझ्या वहीतलं पान जसंच्या तसं देते. कॅन्सस सिटीतल्या मैदानावर सिनसिनाटी ६५, ॲक्रन ९९, ह्युस्टन ख्रिश्चन ९९, मिशिगन ४६, मिशिगन स्टेट ७२, मेरिलँडच्या मैदानावर ६२, मिनेसोटाच्या मैदानावर ४८, नॉर्थवेस्टर्न ८२, यूएससी ४६, यूसीएलएच्या मैदानावर ५६, पेन स्टेटच्या मैदानावर १५, आयोवा ५२. बेरीज ७४२, म्हणजे ७.४२ विजय.

टक्के आणायचे कुठून? दोन संघांत किती गुणांचा फरक वाटतो ते आधी ठरवा, घरच्या मैदानाचे दोन-अडीच गुण धरा. कॉलेज फुटबॉलमध्ये तीन गुणांनी वरचढ संघ दहांतले पावणेसहाच्या आसपास सामने जिंकतो, सात गुणांनी वरचढ असेल तर सात, चौदा गुणांनी असेल तर साडेआठच्या घरात. एवढं पुरतं. लोकांना धक्का बसतो तो तीन गुणांचा आकडा ऐकून. 'आपण थोडे सरस आहोत' याचा अर्थ जवळपास नाणेफेक.

आता त्याच पानावर ५० च्या वरचे सामने मोजा. आठ येतात. चाहता म्हणतो, जिंकायला हवेत असे आठ तर जिंकूच, वर एखादा धक्का दिला की नऊ. पण ते आठही जिंकण्याची शक्यता किती? ते आठ टक्के एकमेकांशी गुणून बघा, मोबाइलवर एका मिनिटात होतं. सात टक्के येतात. शंभरातली सात वर्षं. 'फक्त जिंकायलाच हवेत ते सामने जिंका' हे प्रत्येक कोपऱ्यावर ऐकू येणारं वाक्य इतकं महाग आहे.

प्रत्यक्षात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. सिनसिनाटीला २०-१७, मेरिलँडला ३४-३१, नॉर्थवेस्टर्न आणि यूसीएलएला प्रत्येकी २८-२१ असं हरवलं. त्या आठांतले सात जिंकले, आयोवानं ४०-१६ असं धुतलं. ५० च्या खालचे चारही गेले. कागदाबरहुकूम हंगाम. तुम्हाला तो निराशेचा वाटला असेल. माझ्या वहीच्या मानानं तो चोख होता, अगदी थोडा कमी.

बेरजेइतकंच महत्त्वाचं असतं ते तिच्या आजूबाजूचं अंतर. याच पानावरून हिशोब केला तर सहा ते नऊ या चार आकड्यांत पाचांतली चार वर्षं पडतात. दहा किंवा जास्त, सुमारे आठ टक्के. पाच किंवा कमी, सुमारे दहा. म्हणजे तुमच्या ऑफिसात सहा म्हणणारे नि नऊ म्हणणारे एकमेकांना वेड्यात काढत होते, तेव्हा दोघंही एकाच ढिगात उभे होते. आठ की सात यावर तावातावानं भांडणं म्हणजे बाजारात तुरी. पण उन्हाळ्यात दुसरं करायचं तरी काय म्हणा, वसंतातला सराव संपलेला असतो आणि मका अजून गुडघ्याएवढाच असतो.

हे अंतरही मी वर सांगितलं ते थोडं कमीच आहे. कारण बारा सामने एकमेकांपासून सुटे नसतात. आमच्या धंद्यात याला गारपिटीचा प्रश्न म्हणता येईल. घराला आग लागायची शक्यता प्रत्येक घराची वेगळी; एक जळलं म्हणून चार गल्ल्यांपलीकडचं जळत नाही. गारपीट मात्र ओमाहाच्या एका उपनगरावर आली की एका संध्याकाळी सगळी छपरं एकदम जातात. हजार पॉलिसी आहेत म्हणून धोका वाटला गेला असं समजणाऱ्याचं त्या संध्याकाळी दिवाळं निघतं. क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून सगळं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची, दुखापत ही गारपीट आहे. १ नोव्हेंबरला यूएससीविरुद्ध आमचा क्वार्टरबॅक डिलन रायोला जायबंदी झाला आणि त्या एका सामन्याचेच नव्हे, पुढच्या सगळ्या सामन्यांचे टक्के हलले. टीजे लटीफ या नवख्या पोरानं यूसीएलएला हरवलं हे त्याचं कौतुकच. पण पेन स्टेट ३७-१० आणि आयोवा ४०-१६ हे आकडे बघा.

आणि गंमत अशी की पेन स्टेटच्या बाबतीत आमचं नशीब उघडलं होतं. ऑगस्टमध्ये ते देशात दुसऱ्या क्रमांकावर होते, म्हणून मी १५ टक्के लिहिले. सप्टेंबरअखेर ओरेगनकडून नि ऑक्टोबरात यूसीएलए नि नॉर्थवेस्टर्नकडून ते लागोपाठ हरले आणि प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना हाकललं. आम्ही तिथं पोचलो तेव्हा त्यांचा हंगाम मोडकळीला आला होता. माझे १५ टक्के तेव्हा बरेच वर जायला हवे होते, पण आमचाच क्वार्टरबॅक बाहेर. समोरच्याचाही अंदाज चुकतो, आपलाही चुकतो, कधी दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

आता तो साडेसात. हा कुणा पंडितानं केलेला अंदाज नव्हे, हा भाव आहे. अर्धा एवढ्यासाठी, की बरोबरी होऊन पैसे परत करायची वेळ येऊ नये. आणि भाव कधी एकटा वाचू नका, शेजारचा आकडा वाचा. समजा ओव्हरपुढे उणे १५० लिहिलंय, म्हणजे १०० डॉलर कमवायला १५० लावायचे. यात ६० टक्के शक्यता धरलेली आहे. अंडरपुढे अधिक १२५, म्हणजे १०० लावून १२५ कमवायचे. इथं ४४ टक्क्यांच्या थोडं वर. बेरीज १०४ भरते. वरचे चार ही पैजा घेणाऱ्या पेढीची कमाई. ती वजा केली की ओव्हरची खरी शक्यता ५७ च्या आसपास उरते आणि पेढीच्या मनातला मधला आकडा साडेसात नसून पावणेआठच्या जवळ आहे हे कळतं. दोन वर्तमानपत्रं 'साडेसात' असंच छापतील, पण एकाचा साडेसात दुसऱ्याच्या साडेसातपेक्षा निम्म्या विजयानं वेगळा असू शकतो.

मी स्वतः पैसे लावत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०१८ मध्ये राज्यांना खेळांवरच्या पैजांची मोकळीक दिली, आयोवात ऑगस्ट २०१९ पासून हे सुरू झालं, आणि नेब्रास्काचा कायदा मात्र आपल्याच विद्यापीठाच्या घरच्या सामन्यावर राज्यात पैसे लावू देत नाही. म्हणून शनिवारी सकाळी ओमाहातली मंडळी मिसुरी नदीचा पूल ओलांडून आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्सला जाऊन येतात. तुमची जेवणाची पैज त्या मानानं फारच सात्त्विक.

पुढे तुम्ही ज्यात फसाल अशी जागा सांगते, कारण मी तिथं स्वतः आपटलेय. निसटते पराभव.

२०२१ चा संघ आठवणीत नसेल तुमच्या, तुम्ही तेव्हा इथं नव्हता. ३-९. नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ एकेरी आकड्यांनी. ओक्लाहोमाकडून सात, मिशिगनकडून तीन, मिशिगन स्टेटकडून जादा वेळेत तीन, सर्वांत मोठा ओहायो स्टेटकडून नऊ गुणांनी. अख्ख्या हंगामात केलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा ६३ नं जास्त, आणि तरी तीनच विजय. असं पान समोर आलं की आकडेवारीवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं. एका फटक्याच्या (आठ किंवा कमी गुणांच्या) फरकाचे सामने वर्षानुवर्षं कुणी सातत्यानं जिंकत नाही नि हरत नाही. जमिनीवर पडलेला चेंडू कुणाच्या हाती लागेल हे बहुतांशी नशीब असतं. पुढच्या वर्षी हे निम्म्यावर येणार. मी २०२२ साठी ७.८ लिहिलं आणि ऑफिसात भाषणही दिलं.

२७ ऑगस्ट २०२२, डब्लिन. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध तिसऱ्या सत्रात २८-१७ अशी आघाडी, आणि आमचा तेव्हाचा प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्टनं ऑनसाइड किकचा, म्हणजे चेंडू जवळच मारून तो पुन्हा आपणच पकडायच्या जुगाराचा, आदेश दिला. आघाडीवर असताना. चेंडू त्यांना मिळाला, सामना ३१-२८ गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्ननं लिंकनला येऊन ४५-४२ हरवलं आणि दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला फ्रॉस्ट गेला; १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची रक्कम निम्मी, म्हणजे साडेसात मिलियन झाली असती, तेवढंही थांबले नाहीत. हंगाम ४-८.

माझं कुठं चुकलं? नियम खरा होता, वापर चुकीचा. एक तर त्या ६३ मधले ४५ एकट्या फोर्डहॅमविरुद्धचे, खालच्या विभागातला संघ. तो सामना काढून टाकला की उरतात १८, आणि त्यातही नॉर्थवेस्टर्नला ५६-७ हरवल्याचे ४९ आहेत. दुसरं, 'पुढच्या वर्षी निम्म्यावर येईल' हे खरं व्हायला पुढच्या वर्षी तोच संघ लागतो. इथं क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला, टेक्सासहून केसी थॉम्पसन आला, डावपेच आखणारा प्रशिक्षकही नवा. आणि तिसरं, ऑनसाइड किकचा तो आदेश. तो नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही. फ्रॉस्टचा एका फटक्याच्या फरकाच्या सामन्यांतला हिशोब शेवटी ५-२२ भरला. त्यातला बराचसा भाग दुर्दैवाचा असेल, पण सगळा नाही, आणि किती नाही हे ऑगस्टमध्ये कळायला मार्ग नसतो. म्हणून मी हल्ली निसटत्या पराभवांचं 'येणं' पूर्ण धरत नाही, निम्मं धरते.

उलट बाजूही बघा. टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) २०२१ ला ५-७, २०२२ ला नियमित हंगामात १२-०, तेही एकामागून एक निसटते सामने खिशात घालून, आणि २०२३ ला पुन्हा ५-७. ज्यांनी २०२३ च्या उन्हाळ्यात बारा विजय बघून पुढचा हिशोब मांडला त्यांनी फक्त शेवटचा आकडा बघितला, आत काय आहे ते नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण २०२५ चा नेब्रास्का आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या सामन्यांत ४-२ होता. म्हणजे त्या हंगामात दैव आमच्याकडे थोडं झुकलेलं होतं. 'सातवरून आता आठ, मग नऊ' अशी शिडी तुमच्या ऑफिसात कुणी लावली तर एवढं विचारा, की ते ३४-३१ नि २०-१७ दुसऱ्या बाजूला गेले असते तर आपण आज पाचवर बसून बोलत नसतो का.

वेळापत्रकाचं थोडक्यात. बिग टेनमध्ये, म्हणजे आम्ही खेळतो त्या साखळीत, आता १८ संघ आहेत आणि प्रत्येकाला नऊच सामने, म्हणजे आठ संघांशी गाठच पडत नाही. २०२५ मध्ये आमच्या वाट्याला ओहायो स्टेट, ओरेगन, इंडियाना यांतलं कुणीच नव्हतं. तोच संघ, तीच ताकद, पण कुणाशी गाठ टळली यावर एखादा विजय इकडेतिकडे होतो. लोक संघाबद्दल तासभर बोलतात नि या गोष्टीला दोन मिनिटं देतात.

आणि ऑगस्टमधल्या सराव शिबिराच्या बातम्या. मोहर बघून आंब्याचे पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याला कोकणात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत असेल. अमक्यानं सात किलो स्नायू वाढवले, तमका 'वेगळाच दिसतोय', डिफेन्सनं ऑफेन्सला दिवसभर दाबलं (म्हणजे डिफेन्स चांगला की ऑफेन्स वाईट?). अशा बातम्या १३० हून अधिक संघांच्या गावी एकाच आठवड्यात येतात. मी त्यांतून एकच गोष्ट टिपते: कोण जायबंदी झाला. खेळाडूंना विद्यापीठ बदलणं सोपं करणाऱ्या ट्रान्स्फर पोर्टलनंतर तर संघच दरवर्षी नव्यानं बांधला जातो, त्यामुळे दोन्ही टोकं जास्त वेळा दिसायला लागलीत. इंडियाना २०२३ ला ३-९ आणि नवा प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आल्यावर २०२४ च्या नियमित हंगामात ११-१. फ्लोरिडा स्टेट २०२३ ला नियमित हंगामात अपराजित, पुढच्या वर्षी दहाव्या मानांकनावरून सुरुवात करून २-१०. दहाव्या विजयाची आठ टक्के शक्यता म्हणजे शून्य नव्हे, एवढाच याचा अर्थ. आपली पाळी आली असा होत नाही.

राहता राहिलं ते माणसांचं. ऑफिसात दहा म्हणणाऱ्यांचं वय विचारा. टॉम ऑस्बर्ननं १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं संघ चालवला आणि एकाही वर्षी नऊच्या खाली उतरला नाही. बो पेलिनीनं २००८ पासून सात वर्षं दरवर्षी नऊ किंवा दहा जिंकले, पहिली सहा वर्षं दरवर्षी बरोबर चार हरले, आणि सातव्या वर्षी ९-३ वर असताना त्याला काढलं. कारण नऊ कमी वाटत होते! ज्याच्या लहानपणी नऊ हा तळ होता त्याला साडेसात हा अपमान वाटतो. २०१६ नंतर इथं नऊ झालेले नाहीत, तरी १९६२ पासून स्टेडियमची तिकिटं एकदाही उरलेली नाहीत. ही माणसं हिशोबानं चालत असती तर हे घडलंच नसतं, म्हणून त्यांना टक्क्यांनी हरवायला जाऊ नका.

मी गेले होते. माझ्या ऑफिसात साठीच्या पुढचा एक गृहस्थ आहे, चार पिढ्या याच राज्यातला, दर ऑगस्टला ११-१ सांगतो. मागच्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला बारा ओळींचा कागद दिला, म्हटलं फक्त टक्के लिही, बेरीज मी करते. त्यानं रन्झा (मांस नि कोबी भरलेला इथला पाव) बाजूला ठेवून मन लावून लिहिलं. मिशिगन ६०. पेन स्टेट ३०, जरा विचार करून. आयोवापुढे ८०. २०१५ पासून आयोवाला आम्ही एकदाच हरवलंय, २०२२ ला. २०२३ आणि २०२४ ला दोन्हीदा शेवटच्या क्षणीच्या किकवर १३-१० असे हरलो. मी भुवई उंचावली तसा तो म्हणाला, तू किती लिहिलेस? मी ५२ सांगितले. तो हसला. बरोबरच हसला, कारण तो आकडा माझ्या हिशोबातला नव्हता, माझ्या हस्कर्सच्या लाल स्वेटरमधला होता. ओमाहाबाहेरच्या कुणाला विचारलं असतं तर त्यानं ४५ दिले असते.

त्याची बेरीज मी करून दाखवली. ८.६. त्यानं चष्मा लावून दोनदा तपासली, मिशिगनचा आकडा खोडायला पेन उचललं, तसंच खाली ठेवलं. मग कागद पालथा केला, मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत ११-१ लिहिलं, खाली सही केली आणि रन्झा खायला घेतला. कागद माझ्या खणात आहे.